आमच्या बाजीरावाला लिटल का केला?

परळची_पोरगी

मंडळी, विषय कार्टूनचा आहे पण बोलायचंय मोठ्यांशी, म्हणून धागा इथे काढतेय. विभाग चुकला असेल तर अ‍ॅडमिन हलवतील.

तर झालंय असं की शाळेला सुट्टी लागलीये, लेक सहा वर्षांचा, सकाळी दात घासायच्या आधी रिमोट हातात आणि मग दिवसभर घरात 'पुलिस की वर्दी, शेर का दम'. लिटल सिंघम, म्हणजे सिंघम पिक्चरवरून काढलेलं छोट्या पोलिसाचं कार्टून. २०१८ च्या एप्रिलमध्ये डिस्कव्हरी किड्सवर हे सुरू झालं तेव्हा मी नुसती जाहिरात बघून नाक मुरडलं होतं. पोरगं नव्हतं ना तेव्हा, नाक मुरडायला वेळ होता. आता रोज बघावं लागतं, गवार मोडता मोडता, आणि माझं डोकं फिरतं.

कारण मी जुनी सिंघमवाली आहे हो. २२ जुलै २०११, शुक्रवार, बाहेर पाऊस, आम्ही कॉलेजच्या सात जणी दादरला सिंगल स्क्रीनला, ओल्या छत्र्या पायाशी, आणि अजय देवगण 'आता माझी सटकली' म्हणाला तेव्हा आख्खं थेटर उभं राहिलं. हिंदी पिक्चरचा हिरो चक्क मराठीत भडकतो! नाहीतर हिंदीत आपली माणसं म्हणजे एकतर भांडीवाली नाहीतर हवालदार. इथे बाजीराव सिंघम, शिवगडचा, गावातली भांडणं कागद न करता गावातच मिटवणारा, आणि आजूबाजूला अशोकमामा, सचिन खेडेकर, सोनाली कुलकर्णी, सगळी घरचीच मंडळी.

आणि हा लिटल? मिर्ची नगरमध्ये राहतो. हे मिर्ची नगर येतं कुठल्या तालुक्यात? एसटी जाते का तिथे? शिवगड गेलं, मराठी गेली (आमच्याकडे तरी हिंदीतच लागतं), राग गेला, उरलं काय तर आडनाव.

तुमचं काय म्हणणं? आणि 'मुलांचं कार्टून आहे गं, सोड' एवढंच सांगायला येणार असाल तर ते नवऱ्याने सांगून झालंय.

------

बोरिवली_स्लो

मुलांचं कार्टून आहे गं, सोड. (हलकेच घे)

आता सिरियसली. मूळ पिक्चरच कार्टून होता की! माणूस रस्त्यावरचा दिव्याचा खांब मुळासकट उपटतो आणि त्याने गुंडांना झोडतो, गाड्या हवेत कोलांट्या मारतात, आपण शिट्ट्या मारतो. त्यात हिरोचं वय तीसने कमी केलं, एवढाच फरक. मला तर वाटतं रोहित शेट्टीचा एकेक पिक्चर आधी कार्टून म्हणून यायला पाहिजे होता, मोठ्यांचा नंतर.

------

चहा_कमी_साखर

हसून हसून पुरेवाट. खांबाला अनुमोदन.

------

माटुंग्याचा_जावई

परळची ताई, तुमच्या दुःखात सहभागी आहे पण एक आठवण करून देतो, बाजीराव तरी ओरिजिनल कुठे होता? २०१० चा तमिळ सिंगम, हिरो सूर्या. तिथला दुराई सिंगम तूतुकुडीकडच्या खेड्यातला. व्हिलन प्रकाश राज, जो आपल्याकडे जयकांत शिक्रे झाला तोच. माझी सासुरवाडी तमिळ, माटुंग्यात तीन पिढ्या. २०११ ला मोठ्या हौशीने सासऱ्यांना घेऊन हिंदी सिंघमला गेलो तर इंटरव्हलपर्यंत ते गप्प, आणि मग समोसा खाता खाता म्हणाले, गाव कुठे गेलं? आमचा माणूस असा बोलत नाही, नुसतं नाव घेतलंय.

आता तुमची पोस्ट परत वाचा :)

म्हणजे त्यांचा दुराई आपण नेला तेव्हा आपल्याला आनंद झाला, आणि आपला बाजीराव मिर्ची नगरला गेला की आपल्याला गाव आठवलं. सासरे आता नाहीत, नाहीतर त्यांना हा धागा वाचून दाखवला असता, फार हसले असते.

------

परळची_पोरगी

@माटुंग्याचा_जावई अहो जावईबापू, हे मला खरंच सुचलं नव्हतं, अर्धा तास झाला विचार करतेय.

पण तरी सांगते. तमिळमधून इकडे आणताना तो इकडच्या मातीत लावला तरी. शिवगड महाराष्ट्र-गोव्याच्या सीमेवर, माणसं मराठी, शिव्या मराठी, मामांचा हेड कॉन्स्टेबल सावळकर तर असा की आमच्या शेजारी राहणारा वाटावा. एका कुंडीतनं काढून दुसऱ्या कुंडीत लावला. लिटलचं तसं नाही ना, तो कुठेच लावलेला नाही, प्लास्टिकच्या फुलासारखा कुठल्याही घरात चालतो.

------

आजोबा_ऑनलाइन

सावळकरांचा विषय निघालाच आहे तर एक अवांतर. अशोक सराफ १९७५ च्या पांडू हवालदारमध्ये दादा कोंडक्यांच्या जोडीला हवालदार होते. सिंघम २०११ चा. छत्तीस वर्षांनी पुन्हा तीच खाकी, बढती मिळून हेड कॉन्स्टेबल. खात्यात असंच होतं म्हणतात.

------

चहा_कमी_साखर

आजोबा __/\__

------

रिग_आणि_रडगाणं

मी अ‍ॅनिमेशनमध्ये आहे. लिटल सिंघमवर काम केलेलं नाही हे आधीच सांगतो, पण याच जातीच्या सिरियलींवर अंधेरीत बसून आठ वर्षं घासली आहेत, म्हणून थोडं आतलं.

मिर्ची नगर कुठल्या तालुक्यात नाही याचं कारण कलात्मक नाही हो, धंद्याचं आहे. एकच एपिसोड हिंदी, तमिळ, तेलुगू अशा चार-पाच भाषांत डब होऊन जायचा असतो. दुकानावर पाटी मराठीत रंगवली की तमिळ पोराला ती परकी, तमिळमध्ये रंगवली की आपल्याला. म्हणून पाट्या कोऱ्या, गाव बिननावाचं किंवा मिर्ची-भोपळा असलं काहीतरी. भाकरी दाखवायची नाही, डोसा दाखवायचा नाही, लाडू चालतो. लाडू सगळीकडे चालतो म्हणून छोटा भीमापासून सगळे लाडूच खातात.

दुसरं, ही सगळी टूडी कामं, पात्राचा एक रिग बनतो, म्हणजे हात पाय डोकं डोळे वेगवेगळे तुकडे, कळसूत्री बाहुलीसारखे जोडलेले. चालणं एकदा करून ठेवायचं आणि मग शंभर एपिसोड तेच चालवायचं. मागचा चौक एकदा रंगवला की तोच सकाळी, तोच संध्याकाळी, वर फक्त केशरी रंगाचा थर मारायचा. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये अकरा-अकरा मिनिटांच्या दोन गोष्टी बसवायच्या. अकरा मिनिटांत गुंड आला, गडबड केली, हिरोला कळलं, एकदा हरला, परत उठला, धुतला, जोक, संपलं. यात ताई तुमचा बाजीरावचा राग बसवायचा कुठे? राग साठायला वेळ लागतो. पिक्चरमध्ये त्याला अडीच तास मिळाले होते.

डोकं एवढं मोठं का असतं तेही सांगतो. पोरं आता मोबाईलवर बघतात, तळहाताएवढ्या स्क्रीनवर भुवया दिसल्या पाहिजेत. भुवया हलल्या नाहीत तर अ‍ॅक्टिंगच नाही, कारण बाकी काही हलवायला पैसे नसतात.

तरी तुम्ही नाक मुरडता ते बरोबरच आहे. आम्हीही मुरडतो, रात्री अकराला डिलिव्हरी देऊन झाल्यावर.

------

बोरिवली_स्लो

'लाडू सगळीकडे चालतो' यावर वेगळा धागा काढा कोणीतरी.

------

दोन_मुलींचा_बाबा

मी उलट बाजूचा. लिटल केला ते बरंच झालं असं माझं मत आहे आणि त्याचं कारण मूळ सिंघम पुन्हा बघितला हे आहे.

मागच्या महिन्यात मोठी, नऊ वर्षांची, म्हणाली बाबा खरा सिंघम बघू या. मी म्हटलं बघू या की, बाबांचा फेवरिट. पॉपकॉर्न वगैरे करून बसलो. आणि पहिल्या काही मिनिटांतच आठवलं की अरे देवा, पिक्चर सुरूच होतो एका प्रामाणिक पोलीस अधिकाऱ्याच्या आत्महत्येने, खोट्या आरोपात अडकवलेला. मी रिमोट शोधतोय, पोरगी विचारतेय त्याने असं का केलं. काय सांगणार?

शेवट तर विचारूच नका. २०११ ला मीच बोंबललो होतो थेटरात, आणि आता बघितलं तर आख्खं पोलीस दल एका माणसाला धरून आणतं आणि चौकीत गोळी घालतं, आणि वरिष्ठांना खोटं बोलायला लावतं. शिक्रे हलकटच आहे, मान्य. पण शेजारी नऊ वर्षांची मुलगी बसली की तेच दृश्य वेगळं दिसतं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती गौतम पटेल इंडियन पोलिस फाउंडेशनच्या कार्यक्रमात नेमकं हेच बोलले होते, सिंघमचं नाव घेऊन, त्याच शेवटाबद्दल, की असे पिक्चर झटपट न्यायाचा धोकादायक संदेश देतात. तेव्हा मी ऑफिसच्या ग्रुपवर 'यांना पिक्चर कळत नाही' असं टाकलं होतं. ते आता डिलीट करता येत नाही.

मग लिटलमध्ये निदान कोणी मरत नाही. काल नावाचा तो राक्षसी व्हिलन दहा वेळा हरतो आणि अकराव्यांदा परत येतो. चालेल मला.

------

परळची_पोरगी

शेवटाबद्दल मान्य. ते मी पण लेकाला दाखवणार नाही. पण माझी तक्रार हिंसा गेली अशी नाहीचे. त्या आत्महत्येमुळे पिक्चरला वजन होतं, वर्दीतला माणूस हरू शकतो, यंत्रणा त्याला चिरडू शकते हे आधी दिसलं म्हणून बाजीराव उभा राहिला ते भिडलं. लिटलला चिरडणारं कोणी वर नाहीच. त्याला साहेब नाही, बदली नाही. बाजीरावची बदली होते म्हणून तर गोष्ट आहे!

------

मुंबई_इंडियन

एक बालिश शंका. याचं नाव लिटल का, छोटा का नाही? भीम छोटा, मग सिंघम लिटल का?

------

आजोबा_ऑनलाइन

अहो, आमच्या काळात मुंबईत नावाआधी 'छोटा' लागला की फोटो पेपरच्या पहिल्या पानावर यायचा, आणि खाली पोलीस शोध घेत आहेत. पोलिसालाच छोटा म्हटलं तर पंचाईत.

------

बोरिवली_स्लो

आजोबा आज फॉर्मात आहेत.

------

स्वामिनी_के

माझा मुलगा चौदाचा आहे आता, तो या पहिल्या बॅचचा. २०१८ च्या त्याच सुट्टीत सात वर्षांचा होता. त्याच्या दप्तरावर, डब्यावर, वाढदिवसाच्या केकवर, सगळीकडे लिटल सिंघम. केकवर खाकी रंग म्हणून त्या बाईने कॉफीचं क्रीम लावलं होतं, मुलांनी कोणी खाल्लं नाही, आम्ही मोठ्यांनी दोन दिवस खाल्लं. त्यानंतर लाटच आली, २०१९ ला सॉनिकवर गोलमाल ज्युनिअर, त्याच वर्षी फुकरेवाल्यांचं कार्टून, २०२० ला पोगोवर सिम्बाचं, मग २०२१ ला दबंगचं. फुकरे मोठ्यांचा पिक्चर आहे हो! तेव्हा कळलं की पिक्चर कुठला आहे याला महत्त्वच नाही, नाव पोरांच्या कानावरून गेलेलं असलं की झालं.

गंमत पुढेच आहे. २०२४ च्या दिवाळीत सिंघम अगेन आला, चिरंजीव मित्रांबरोबर गेले, परत आल्यावर म्हणतो, आई, ठीक होता पण लिटलवाला जास्त हुशार होता. त्याच्यासाठी ओरिजिनल लिटलच आहे आणि अजय देवगण म्हणजे त्याचा मोठा झालेला स्पिन-ऑफ.

------

माटुंग्याचा_जावई

+१ मोदक. सासरे, परळच्या ताई, आणि आता हा चौदा वर्षांचा. प्रत्येकाचा ओरिजिनल वेगळा.

------

नायगाव_लाईन

बरेच दिवस फक्त वाचते इथे, आज लिहिते. माझे बाबा मुंबई पोलिसात होते, शिपाई म्हणून लागले, एएसआय, म्हणजे सहायक फौजदार, होऊन रिटायर. आम्ही नायगावच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. त्यामुळे खाकी म्हटलं की मला सिंघम नाही आठवत, दांडीवर वाळत घातलेली पँट आठवते, इस्त्री करताना येणारा तो स्टार्चचा वास. अनंत चतुर्दशीला बाबा चौपाटीला बंदोबस्तात असायचे, दुसऱ्या दिवशी दुपारी यायचे, आणि दारातच बूट उलटे करायचे तर त्यातून वाळू पडायची, ओली. आई ती झाडून काढायची आणि एक शब्द बोलायची नाही. आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग २०१६ ला देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाला, तोपर्यंत बाबा घरी बसले होते.

आता माझा भाचा सात वर्षांचा, सुट्टीला आलाय, आणि आजोबा-नातू दोघं रोज लिटल सिंघम बघतात. मला वाटलं होतं बाबा वैतागतील. छे! चष्मा पुसून बसतात. फक्त त्यांचे प्रश्न वेगळे असतात. परवा त्या लिटलने चोर पकडला, गाव टाळ्या वाजवतंय, भाचा उड्या मारतोय, आणि बाबा एकदम, पकडला ठीक, पण पंचनामा कोण लिहिणार? मुद्देमाल कुठाय? सील कोणी केलं? असाच नेला तर कोर्टात सुटणार तो.

भाचा गप्प. मग विचारतो, आबा, पंचनामा म्हणजे?

पुढचे दोन दिवस घरात तेच चाललंय. दुरेघी वही आणली, बाबांनी मजकूर सांगितला, आमचे समक्ष वगैरे, आणि पहिला गुन्हा दाखल झाला लाडवांच्या डब्याचा. पोराच्या अक्षरात जसंच्या तसं देते : 'डबा स्टीलचा. झाकण उघडे. लाडू ७ होते ते आता ५ आहेत. मुंग्या ३. पंच १ आजी.' बाबांनी वाचलं आणि म्हणाले, आजी चालणार नाही, घरातली आहे, वकील पहिल्या तारखेला उडवेल, बाहेरचा पंच आण. मग हा समोरच्या काकूंना बोलवून आणला, त्या हातातलं पीठ तसंच घेऊन आल्या, डबा बघितला, सही केली. वहीवर पिठाचा अंगठा आहे अजून. आरोपी कोण ते सगळ्यांना माहीत होतं, बाबांना शुगर आहे आणि आईने लाडू मोजून ठेवले होते.

रात्री झोपताना भाच्याने विचारलं, आबा, लिटल सिंघमला गणपतीत बंदोबस्त नसतो का? बाबा म्हणाले, लहान आहे तो, लहानांना नसतो. आणि कुशीवर वळले.

मला लिटल आवडतो की नाही ते अजून ठरलेलं नाही. पण परळची ताई, तुम्ही म्हणालात ना त्याला साहेब नाही, बदली नाही. पोलीस लाईनमधल्या पोरांना तेच तर आवडतं त्याच्यात. तो रोज घरी असतो.

------

रिग_आणि_रडगाणं

मुंग्या ३.

मी उद्या ऑफिसात सांगतो, अकरा मिनिटांत पंचनामा बसवून बघू. बसणार नाही माहितीये.

------

दोन_मुलींचा_बाबा

नायगाव_लाईन, हे वाचून मोठीला बोलावलं आणि वाचून दाखवलं. ती म्हणते पंच म्हणजे मारायचा पंच नाही होय.

------

चहा_कमी_साखर

हे असं काहीतरी इथे वाचायला मिळतं म्हणून मी चहा थंड करते रोज.

------

परळची_पोरगी

काय लिहू. धागा भांडायला काढला होता.

बरं, भांडण राहू द्या, आता कामाचं. लेकाच्या शिबिरात शनिवारी फॅन्सी ड्रेस आहे आणि तो लिटल सिंघमच होणार, चर्चा बंद. खाकी ड्रेस कुठे मिळेल? विकत नको, भाड्याने. शिवायला वेळ नाही. एका दुकानात विचारलं तर मोठ्यांची पँट कापून देतो म्हणाला.

------

स्वामिनी_के

भुलेश्वरला जा गं, फॅन्सी ड्रेसवाले आहेत तिथे, भाड्याने देतात. डिपॉझिट घेतात, पावती जपून ठेव. टोपी घालून बघूनच घे, आमच्या वेळी ती नाकापर्यंत आली होती आणि पोरगं स्टेजवर उलट्या बाजूला तोंड करून उभं होतं.

------

नायगाव_लाईन

ताई, खांद्यावर काय लावलंय ते बघून घ्या. आत्ता बाबांना विचारलं. म्हणाले दुकानवाले हमखास अशोकस्तंभ लावून देतात, म्हणजे सहा वर्षांचं पोरगं डायरेक्ट डीसीपी. बाजीराव पहिल्या पिक्चरमध्ये इन्स्पेक्टर आहे, तीन स्टार आणि लाल-निळी फीत पाहिजे. फीत नाही मिळाली तर सांगा, बाबांच्या जुन्या ट्रंकेत तुकडा असेल, परळ काही लांब नाही, मी आणून देईन.

------

परळची_पोरगी

लेकाला विचारलं. डीसीपीच पाहिजे म्हणतो. फीत तरी घेऊन या, चहा टाकते.